ओली खिडकी

आधीच सांगून टाकते, आमच्या घरी सगळं ठीक आहे. लारिसा ठीक आहे, तिच्या पोटातलं बाळ ठीक आहे, आणि माझा नवरा नेस्टरही ठीक आहे, जरी त्या संध्याकाळी मी त्याला जिवंत सोडणार नव्हते. हे आधी सांगितलं म्हणजे ऐकताना तुमचा जीव टांगणीला लागायला नको. माझा लागला होता तेवढा पुरे झाला.

लारिसा आमची एकुलती एक मुलगी. तिच्या लग्नाला बरीच वर्षं झाली, दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा हाती काही लागलं नाही. या खेपेला सातवा महिना लागला तेव्हा मी तिला फोनवर सांगितलं, "नवरा तिकडे उत्तरेला खाणीवर, तू एकटी फ्लॅटमध्ये, बाहेर हा बर्फ. गुपचूप इकडे ये." आली. तळघरातली तिची शाळेपासूनची खोली तिला दिली, कारण घरातली सगळ्यात उबदार खोली तीच. भट्टी भिंतीपलीकडेच आहे.

आता या भट्टीचं सांगायला हवं. घर तापवणारी आमची जुनी गॅसची भट्टी या शरद ऋतूत मेली. तिचा धूर धुराड्यातून वर जायचा, छपरावर दिसायचा, नेस्टरला बरं वाटायचं. नवीन भट्टी आली ती बिनधुराड्याची. ती गॅसमधली जवळजवळ सगळी उष्णता घरातच ठेवून घेते, त्यामुळे उरलेला धूर इतका थंड आणि मरगळलेला असतो की त्याला धुराडं चढायची ताकदच राहत नाही. मग एक छोटा पंखा त्याला भिंतीतून बाहेर ढकलतो. उत्तरेच्या भिंतीतून गुडघ्याएवढ्या उंचीवर दोन पांढरे प्लास्टिकचे पाइप बाहेर काढलेले: एकातून भट्टी बाहेरची हवा ओढते, दुसऱ्यातून जळलेली हवा टाकते.

बसवणाऱ्या माणसाने नेस्टरला माझ्यासमोर बजावलं होतं, "या दोघांसमोर काहीही ठेवायचं नाही. बर्फ साचला तर काढायचा. मोकळे म्हणजे मोकळे." नेस्टरने मान डोलावली. तो चर्चमध्ये पाद्रीबुवांच्या प्रवचनालाही अशीच मान डोलावतो, आणि घरी आल्यावर विचारलं तर एक वाक्य सांगता येत नाही.

तो माणूस गेल्यावर आमचे हे त्या पाइपसमोर हात धरून उभे.

"स्टेफा, इकडे ये. हात धर. पोळतंय का?"

"नाही."

"बघ! याला धूर म्हणतात? किटलीची वाफ आहे नुसती. आणि एवढे पैसे घेतले."

तर ही किटलीची वाफ लक्षात ठेवा.

आमच्या भागात, म्हणजे सस्कॅचवनच्या या सपाट माळावर, जुन्या माणसांची एक रीत आहे. कडाक्याची थंडी सुरू व्हायच्या आत घराच्या पायाभोवती गव्हाच्या काडाचे गठ्ठे रचायचे आणि वर फावड्याने बर्फ लोटायचा. वारा जमिनीखालून घुसत नाही, घर उबदार राहतं. नेस्टरच्या आजोबांच्या मातीच्या घराला याची गरज होती. आमच्या भिंतीत हातभर जाडीचं अस्तर आहे, आम्हाला कसलीच गरज नाही. पण नेस्टर दरवर्षी रचतो. गल्लीतली पोरं हसतात. मी काही बोलत नाही, कारण तेवढा वेळ तो माझ्या स्वयंपाकघरात लुडबुडत नाही.

यंदा त्याने पाइपसमोरची जागा खरंच मोकळी सोडली होती. खोटं कशाला बोलू? पण डिसेंबर संपता संपता उत्तरेचा असा वारा सुटला की थेट पाइपात घुसला आणि भट्टी बंद पडली. परत चालू केली, परत बंद. लारिसा अंगावर दोन रजया घेऊन सोफ्यावर बसलेली, नाक लाल. नेस्टर तिच्याकडे बघत होता आणि त्याचा चेहरा बघवत नव्हता.

"पोरीला थंडी वाजतेय माझ्या घरात," एवढंच म्हणाला आणि कोट चढवून बाहेर गेला.

दुपारभर ठोकाठोकी. पाइपसमोर त्याने गठ्ठ्यांची भिंत घातली, अगदी चिकटून नाही हं, हातभर अंतर सोडून. वर प्लायवूडची फळी, फळीवर बर्फ. भिंत इकडून सुरू झाली ती लारिसाच्या तळघरातल्या खिडकीच्या पलीकडे जाऊन संपली, कारण त्या खिडकीपुढे गठ्ठे तर तो दरवर्षीच ठेवतो. आत जणू एक लांबट खोकाच तयार झाला, एका टोकाला पाइप आणि दुसऱ्या टोकाला खिडकी.

भट्टी बंद पडायची थांबली. नेस्टर घरात असा फिरायला लागला की विजेचा शोध त्यानेच लावलाय.

"त्या बसवणाऱ्याला शिकवायला पाहिजे," म्हणाला. "वाऱ्याला आडोसा लागतो एवढं कळत नाही लोकांना."

त्यानंतर लारिसाचं डोकं दुखायला लागलं.

सकाळी उठली की डोकं. मळमळ. थांबलेल्या उलट्या परत सुरू. नर्सला फोन केला, ती म्हणाली आराम करू दे, पुढच्या आठवड्यात ब्लडप्रेशर तपासायला आणा. मग काय, आराम! "जा गं, खाली जाऊन पड," असं मीच तिला दिवसातून कितीदा तरी म्हणायचे, आणि ती बिचारी त्या खोलीत जाऊन पडायची. आता आठवलं की अंगावर काटा येतो. नेस्टरचंही डोकं धरलेलं असायचं, पण तो म्हणायचा ते माझ्या बोलण्याने.

आमचं चर्च जुनं पंचांग पाळतं, म्हणून सहा जानेवारीला आमची नाताळची आदली संध्याकाळ. इतरांचा नाताळ होऊन गेलेला असतो, झाडं कचऱ्यात गेलेली असतात, तेव्हा आमचा येतो. बिनमांसाचे बारा पदार्थ करायचे, मासे तेवढे चालतात. बोर्श्त म्हणजे बीटाचं सार, पिरोही म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्या, कोबीच्या पानात गुंडाळलेला भात, मासे, वाटाणे, आणि सगळ्यात आधी कुटिया, म्हणजे मध-खसखस घातलेले शिजवलेले गहू. टेबलावर चादरीखाली मूठभर काड पसरायचं. आणि घरातल्या माणसांपेक्षा एक ताट जास्त मांडायचं. ते आपल्यातून गेलेल्यांचं. आमच्याकडे त्या एका ताटावर नेस्टरचे आईवडील असतात, माझी बहीण असते, आणि लारिसाची ती दोन असतात, ज्यांना नाव मिळालं नाही.

दिवस कलता कलता मी कांदा तळत होते. पिरोहीवर कांदा नसेल तर नेस्टर ताटाकडे बघत नाही. एवढ्यात तळघराच्या जिन्यावरचा अलार्म बोंबलायला लागला.

"झालं सुरू!" नेस्टर ओरडला. "कांद्याला घाबरला!"

स्वयंपाकघरातला धुराचा अलार्म दर नाताळला असाच ओरडतो, टॉवेलने वारा घातला की गप्प होतो. जिन्यावरचा तो वेगळा, गॅससाठीचा, पण ओरडणारं यंत्र म्हणजे कांदा, हे आमच्या घरी पक्कं झालेलं. टॉवेलने हा काही गप्प होईना. नेस्टरने तो भिंतीवरून उपटला आणि त्याचे सेल काढले.

"बरं झालं," तो म्हणाला, "टॉर्चचे सेल गेलेच होते. शेडमधून टेबलासाठी काड आणायचंय." आणि ते सेल टॉर्चमध्ये घालून निघून गेला. कान सुटले म्हणून मीही खूश.

आता आमची आणखी एक रीत. आकाशात पहिला तारा दिसल्याशिवाय या जेवणाला हात लावायचा नाही, आणि तारा बघायला घरातलं सगळ्यात धाकटं माणूस जातं. आमचं धाकटं माणूस चौतीस वर्षांचं आहे. ती जिन्यावरून वर आली ती भिंतीला धरून. चेहरा मळलेल्या कणकेसारखा.

"मामो, मला नाही जेवायचं. तुम्ही बसा. मी पडते जाऊन."

"तारा कोण बघणार? तुझा बाप? त्याला टेबलावरचा चष्मा दिसत नाही." मी तिच्यावर नेस्टरचा मेंढीच्या कातड्याचा कोट घातला. "चल, मी येते बरोबर. दोन मिनिटं हवा खा, मग पड."

ती नको नको करत होती. मी ओढत नेलं. माझ्या हट्टी स्वभावाला लोक नावं ठेवतात, ठेवोत.

बाहेर उणे तीस. वारा पार पडलेला, बर्फ निळा झालेला. पूर्वेकडचं आकाश घराच्या मागून नीट दिसतं म्हणून आम्ही उत्तरेच्या भिंतीपाशी, मागच्या कोपऱ्यावर जाऊन उभ्या राहिलो. ढग होते. तारा काही निघेना. लारिसा माझ्या दंडाला धरून उभी. लहानपणी ती शेजाऱ्यांच्या खांबावरचा दिवाच तारा म्हणून दाखवायची, भूक लागली की, ती आठवण काढून आम्ही हसलो. हसताना मी तिच्याकडे बघितलं. गालावर रंग आला होता.

"बरं वाटतंय?"

"अगं हो. डोकं उतरलं की." ती कपाळाला हात लावून म्हणाली. "गंमत बघ, रविवारी चर्चमध्ये पण असंच झालं. एकदम हलकं. दुकानात पण. घरी आलं की परत सुरू."

"तुझ्या बापाचं तोंड दिसतं ना घरी," मी म्हटलं. ती हसली. मी हसता हसता थांबले.

घरी आलं की परत सुरू.

माझी नजर भिंतीवर गेली. आमच्या तळघराच्या बाकी खिडक्या त्या थंडीत पांढऱ्याफटक झालेल्या, काचेवर बोटभर जाड हिमाची नक्षी. आणि लारिसाच्या खोलीची खिडकी, गठ्ठ्यांच्या वरून तिचा वितभर भाग दिसत होता, ती ओली होती. काचेवरून पाणी ओघळत होतं. उणे तिसात! वरच्या काडाला बर्फाचे लोलक लटकलेले.

माझ्या घरात खिडकीला असं पाणी एकाच वेळी सुटतं, बटाटे उकडत असतात तेव्हा. मग त्या गठ्ठ्यांच्या मागे कोण बटाटे उकडत होतं? मी वाकून फळीखाली हात घातला. दमट, कोमट हवा हाताला लागली.

किटलीची वाफ.

"नेस्टर!" मी अशी किंचाळले की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. "नेस्टर, बाहेर ये! आत्ताच्या आत्ता!"

तो शेडकडून काडाची पेंढी काखेत मारून धावत आला. मी त्याच्या हातातली टॉर्च हिसकावून फटीतून आत मारली. आत पांढरं धुकं कोंडलेलं. एका पाइपला बर्फाची दाढी फुटलेली, आणि त्याच्यातून निघालेली वाफ दुसरा पाइप परत आत ओढत होता. भट्टी आपलाच टाकलेला श्वास पुन्हा घेत होती. बाकीचं सगळं सरकत सरकत खिडकीकडे, आणि त्या लाकडी चौकटीच्या फटी तर नेस्टर गेली दहा वर्षं बुजवणार आहे.

"अगं, ती वाफ..." नेस्टर म्हणाला.

"तुझी वाफ पोरीच्या खोलीत जातेय! कोंडलेल्या हवेत गॅस नीट जळत नाही, विष होतं त्याचं, वास नाही की रंग नाही! तो अलार्म काय कांद्यासाठी ओरडत होता?"

त्याने माझ्या हातातल्या टॉर्चकडे बघितलं. मग लारिसाकडे. मी बेचाळीस वर्षं या माणसाबरोबर काढली, असा चेहरा कधी बघितला नव्हता. मग तो गठ्ठ्यांवर तुटून पडला. हातमोजे नाहीत, काही नाही, गोठलेले गठ्ठे उघड्या हातांनी उपसून मागे भिरकावत होता आणि तोंडाने नुसता "अरे देवा, अरे देवा."

मी लारिसाला घेऊन अंगणातल्या गाडीत बसले, इंजिन चालू केलं आणि तिथूनच फोन लावला. नेस्टर घराच्या दाराकडे निघाला, भट्टी बंद करतो म्हणून. मी काच खाली करून ओरडले, "आत पाय टाकलास तर याद राख! बस इथे गाडीत! एकीला सांभाळू की दोघांना?"

बसला. मागच्या सीटवर, हात मांडीवर ठेवून. बोटं पांढरी पडलेली.

आमच्या गावात आग विझवणारे म्हणजे गावातलेच लोक. त्यांचा म्होरक्या एल्मर, एरवी शाळेची बस चालवतो. एल्मरला बघितलं की लोक आधीच हसायला लागतात, इतका तो थट्टेखोर. नेस्टरच्या गठ्ठ्यांवर तर तो दरवर्षी नवीन विनोद करतो. तो तोंडाला मास्क लावून, हातात मोजायचं यंत्र घेऊन आत गेला. बाहेर आला, मास्क काढला, आणि गाडीपाशी येऊन उभा राहिला. एल्मर विनोद करत नाही म्हटल्यावर मी गाडीतून उतरले.

"स्टेफा," शेवटी तो हळू म्हणाला, "भट्टी बंद केलीय. तुझा स्टोव्हही. खिडक्या उघडल्यात. वर ठीक आहे, पण खालच्या खोलीत आकडा फार वाईट आहे. ॲम्ब्युलन्स येतेय. ती जेवून खाली झोपणार होती का?"

"जेवायच्या आधीच झोपायला निघाली होती."

एल्मरने टोपी काढली आणि परत घातली.

हॉस्पिटलमध्ये लारिसाला ऑक्सिजनचा मास्क लावला. रक्त घेतलं. मग एक तरुण डॉक्टरीण आली आणि पोटावर यंत्र फिरवायला लागली. फिरवते आहे, फिरवते आहे. यंत्रातून नुसती खरखर. लारिसाने माझा हात असा दाबला की अंगठी बोटात रुतली. आम्ही दोघींनी ही खरखर पूर्वी ऐकलेली आहे. दोन वेळा, आणि त्यानंतर काहीच ऐकू आलं नव्हतं.

डॉक्टरणीने यंत्र थोडं डावीकडे सरकवलं, आणि टपटपटपटप, घोडं उधळावं तसे ठोके!

"हा बघा, आहे," ती हसून म्हणाली. "चांगले आहेत ठोके. मस्त आहेत. आई वेळेवर बाहेर आली."

माझा जीव भांड्यात पडला. मी रडायला लागले, हसायला लागले, नाक पुसायला काही नव्हतं तर लारिसाच्या चादरीला पुसलं.

नेस्टर बाहेर कॉरिडॉरमध्ये होता. आत यायची हिंमत नव्हती त्याची. नर्सने त्याच्या बोटांना कापूस गुंडाळून दिला होता, ते हात छातीशी धरून भिंतीला टेकून उभा. मला रडताना बघितलं आणि त्याने डोळेच मिटले.

"अरे मेल्या, डोळे उघड. आहेत. ठोके आहेत."

"ठोके?"

"पोराचे! तुझ्या नातवंडाचे! चांगले आहेत म्हणाली."

तो खालीच बसला, फरशीवर. "मी तिला ऊब द्यायला गेलो, स्टेफा," म्हणाला. "ऊब द्यायला गेलो आणि..."

संध्याकाळपासून त्याच्यासाठी किती शिव्या साठवून ठेवल्या होत्या मी! एकही बाहेर पडेना. (दुसऱ्या दिवशी पडल्या. सगळ्या पडल्या. काळजी नको.) तेव्हा मात्र मी त्याच्या शेजारी फरशीवर बसले. आतून लारिसाने बापाला हाक मारली, मास्कमधून घोगऱ्या आवाजात, "टाटो! आत या ना. ऐका तरी."

त्याने जाऊन ऐकलं. कापसाचे हात पलंगाच्या कठड्यावर ठेवून, मान तिरकी करून, डोळ्यांतलं पाणी न पुसता ऐकत राहिला. डॉक्टरणीने यंत्र उचललं तर म्हणाला, "बाई, अजून थोडं."

एक रात्र ठेवून, पुन्हा रक्त तपासून, दुसऱ्या दिवशी दुपारी तिला सोडलं. तोपर्यंत भट्टीवाला येऊन गेला होता. आमचा नाताळ त्याचा नव्हता, म्हणून आला. बाहेरचे पाइप त्याने भिंतीला धरून वर चढवले, माझ्या खांद्याच्याही वर, जिथे बर्फ पोचणार नाही. टाकणारा वर, ओढणारा त्याच्या खाली, आणि दोघे खिडकीपासून चांगले लांब. वारा सरळ तोंडात घुसू नये म्हणून टोकं वळवून दिली. नेस्टर शेजारी उभा राहून बघत होता. या वेळी मान डोलावली नाही, प्रत्येक गोष्ट परत म्हणून दाखवली, शाळेतल्या पोरासारखी. जिन्यावर नवीन अलार्म, लारिसाच्या दारात आणखी एक.

संध्याकाळी एल्मर यंत्र घेऊन पुन्हा आला, सगळं घर फिरला.

"शून्य," त्याने जाहीर केलं आणि उभ्या उभ्या एक पिरोही तोंडात टाकली. "नेस्टर, तुझे गठ्ठे माझ्या गाईंना अंथरूण म्हणून दिलेत. त्या म्हणतात, गादी चांगली आहे, फक्त मालकाला भिंत बांधायला देऊ नका."

एल्मर विनोद करायला लागला! मला इतकं बरं वाटलं की मी त्याला डबाभर पिरोही बांधून दिल्या.

मग आम्ही आदल्या दिवशीचं जेवण मांडलं. दिवसाचा उशीर झालेला, पाद्रीबुवांना नाही सांगितलं तरी चालेल. मी चादर हातात घेऊन थांबले. टेबल उघडंच.

"काड कुठाय?"

"नको," नेस्टर खाली बघून म्हणाला. "काड नको या घरात."

"काडाने काय केलंय तुझं? काड टेबलावर असावं, भिंतीला नसावं. जा, आण."

तो गेला. बराच वेळ आला नाही. मला माहीत होतं कुठे आहे. काखेत पेंढी घेऊन आला तेव्हा टोपीवर बर्फ होता.

"मोकळे आहेत दोन्ही," म्हणाला. मग लारिसाकडे वळून, "डोकं?"

"नाही दुखत, टाटो."

"नक्की?"

"आता परत विचारलंत तर दुखायला लागेल."

ती खिडकीशी जाऊन उभी राहिली आणि ओरडली, "तारा!" शेजाऱ्यांच्या खांबावरचा दिवा होता तो. नेस्टरने लगेच खुर्ची ओढली.

मी ताटं मांडली. तीन आमची, आणि ते एक. प्रत्येकात कुटिया वाढत वाढत शेवटच्या ताटाशी आले. नेस्टरचे आईवडील, माझी बहीण, ती दोन लहान. चमचाभर गहू वाढले, वर जरा जास्त मध घातला, लहानांना आवडतो म्हणून.

"दाटीवाटी करून बसू नका," मी हळूच म्हटलं. "तुमच्यात नवीन कोणी येत नाहीये."

"मामो, कोणाशी बोलतेस?" लारिसाने विचारलं.

"कोणाशी नाही. जेव तू. दोघांचं जेव."